डेव्हिडच्या नाकासाठी साउथ केन्सिंग्टनला

‘यूकेत राहून युरोप कसा फिरावा’ यावर या ब्लॉगवर मी ठसक्यात बरंच लिहिलंय. ते वाचून कुणी खरंच कुठे पोचलं असेल तर कळवा, कारण मी माझ्या सख्ख्या आत्याला इटलीला नेऊ शकले नाही.

शैलाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. कोल्हापूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या कितीतरी पोरांचे हात तिने वळवले. माझा वळला नाही. मला सी ग्रेड मिळाली आणि लग्नकार्यात तो विषय अजून निघतो. तिच्या वर्गातल्या कपाटात प्लॅस्टरचं एक नाक, एक कान आणि एक डोळा असायचा. तिन्ही अवयव इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध डेव्हिड पुतळ्याचे. आर्ट स्कूलमध्ये ती तेच नाक काढत शिकली आणि पुढे पोरांनाही तेच नाक शिकवलं. पूर्ण चेहरा तिने पाहिला होता तो फक्त पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या फोटोत. “या नाकाचा मालक एकदा समोर उभं राहून बघायचाय,” एवढंच तिचं मागणं होतं.

“तू फक्त इथे माझ्याकडे ब्रॅकनेलला ये गं,” मी फोनवर म्हणाले. “इथून इटली म्हणजे शेजारचं घर!”

ती आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, एकटी. ती आल्यावर मी इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची वेबसाइट उघडली. यूकेत पाहुणे म्हणून आलेल्यांनी आपापल्या देशातूनच अर्ज करावा, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. माझा वर्क व्हिसा असल्यामुळे मला नेहमी इथूनच मिळायचा. जे मला लागू नाही ते वाचायची मला सवय नाही. ब्लॉग मात्र सगळ्यांसाठी लिहायची आहे.

आत्याला सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर चिरत होती. “असू दे,” म्हणाली आणि ती कोथिंबीर पार भुगा होईपर्यंत चिरत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गप्प बसले तर मी कसली! “आत्या, इटलीला जायचंच कशाला? रोमन लोक स्वतःच इथे आले होते की!” असं म्हणून मी दोन दिवसांचा कार्यक्रम जाहीर केला.

शनिवारी सिल्चेस्टर, म्हणजे जुनं रोमन शहर. ब्रॅकनेलहून गाडीने पाऊण तास, शेवटचे रस्ते अरुंद, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. पार्किंग फुकट, प्रवेश फुकट. चहाची टपरी सोडा, टॉयलेटसुद्धा मला दिसलं नाही, तेव्हा घरून सगळं उरकून निघा आणि बूट चिखलाचे घाला. मी पांढरे घातले होते.

वाटेत मी आत्याला रोमन शहराचं वर्णन ऐकवलं. चौक, बाजार, स्नानगृहं, मंदिरं. हे सगळं तिथे होतं, यात काही खोटं नाही. फक्त आता ते जमिनीखाली आहे. रोमन गेल्यावर त्या जागी पुन्हा शहर उभं राहिलंच नाही. आम्ही फाटक ढकलून आत गेलो तर समोर विस्तीर्ण गवत आणि त्यात गाई.

“शहर कुठाय?” आत्याने विचारलं.

“आपण शहरातच उभ्या आहोत. मुख्य रस्त्यावर.”

एक गाय आमच्याकडे बघत रवंथ करत होती. आत्या म्हणाली, “रहदारी कमी आहे.”

मग आम्ही तटबंदीवरून चक्कर मारली. गारगोटीची ती जाड भिंत मात्र बघण्यासारखी आहे, तासाभरात आरामात फेरी होते. आत्या भिंतीवरून हात फिरवत चालली होती. “मुग्धे, रोमन माल आमच्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीतही सापडलाय. समुद्रदेवाची ब्रॉंझची मूर्ती, एवढीशी. तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती.” गवत चढलेल्या रोमन अँफिथिएटरच्या मधोमध बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. ती हसत होती, चेष्टा करत होती, पण मधूनच पुरी हातात तशीच धरून लांब बघायची.

रविवारी लंडन. ब्रॅकनेलहून वॉटर्लू ट्रेनने तासभर, पुढे ट्यूबने साउथ केन्सिंग्टन. स्टेशनातून एक लांब बोगदा थेट तिथल्या कलावस्तूंच्या मोठ्या म्युझियमकडे जातो, पाऊस असेल तर वरचा रस्ता विसरा. इथे दोन प्रचंड दालनं आहेत आणि त्यांत युरोपभरातल्या पुतळ्यांच्या, दरवाजांच्या, थडग्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती ठेवल्यात. ज्यांना इटलीला जाणं परवडायचं नाही त्यांना घरबसल्या शिकता यावं म्हणून एकोणिसाव्या शतकात ही तजवीज केली. म्हणजे आमच्यासाठीच. रोमच्या एका सम्राटाचा विजयस्तंभ तर छताला लागेल म्हणून दोन तुकड्यांत शेजारी शेजारी उभा केलाय. “आमच्या जिन्यातून सोफा असाच आणला होता,” आत्या म्हणाली.

आणि मग डेव्हिड. त्याच्या पायांशी पोचताच आमच्या माना वर गेल्या. मला एकदम अपराधी वाटलं आणि मी घाईघाईने सारवासारव सुरू केली. “आत्या, हा खरा नाही हं. खरा संगमरवरी, तिकडे आहे. ही नुसती प्लॅस्टरची कॉपी...”

“मग आमचं नाक काय संगमरवराचं होतं?” ती त्याच्यावरून नजर न काढता म्हणाली. “साच्यावरून साचा, त्यावरून आणखी साचा, असं करत ते कोल्हापूरला पोचलं. हा आमच्या नाकाचा चुलता आहे. गप्प बस की जरा.”

ती पुतळ्याभोवती फिरली. मागे काचेत प्लॅस्टरचं एक मोठं पान ठेवलंय. राणी यायची असली की ते नागव्या डेव्हिडला पुढे लावत, असं पाटीवर वाचून मी खिदळले, पण आत्याचं लक्षच नव्हतं. तिने पिशवीतून वही काढली तेव्हा तिथली एक कर्मचारी जवळ आली. मला वाटलं, आता ओरडणार.

“वुड शी लाइक अ स्टूल, लव्ह? पेन्सिल ओन्ली, प्लीज.”

दोन स्टुलं आली. “दुसरं कुणाला?” मी विचारलं. आत्याने एक कागद फाडून माझ्या हातात दिला. “नाक काढ.”

तर मी लंडनमध्ये, परदेशी पर्यटकांसमोर, नाक काढलं. दरवेळी त्याचा बटाटा होत होता, मी पुन्हा खोडत होते. बऱ्याच वेळाने शेजारी बघितलं तर आत्याची पेन्सिल थांबलेली होती.

“हा घाबरलाय गं,” ती म्हणाली.

“कोण?”

“हाच. मी पोरांना सांगायचे, शांत डोळा आहे, रेषा शांत ठेवा. सुटा डोळा तसाच दिसतो. आता कपाळ बघ, कशी आठी पडलीय. मानेची शीर बघ. गोष्टीत याला ज्याच्याशी लढायचंय तो राक्षस समोर उभा आहे, आणि हा एवढासा पोरगा उसनं अवसान आणून उभा राहिलाय.” तिने कपाळ खोडलं, पुन्हा काढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हे तोंड मी आधी बघितलंय. तू पहिल्यांदा इकडे यायला निघालीस तेव्हा विमानतळावर. टर्मिनल कुठलं, रांग कुठली, आम्हालाच सगळं शिकवत होतीस. आवाज हा एवढा मोठा, आणि कपाळ अस्संच.”

आईबापांबरोबर आलेली डझनभर इंग्रज पोरं बघत असताना मी डेव्हिडच्या पायाशी बसून रडले. आत्याने माझ्या हातातला कागद घेतला, लांब धरून बघितला आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: बी.

आत्या परत जाऊन आता महिना झाला. तिचा डेव्हिड तिच्याबरोबर गेला, माझं नाक फ्रिजवर लावलंय. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही फ्लॉरेन्सला जाणार आहोत. तिचा अर्ज भारतातून जाईल आणि अपॉइंटमेंट ती स्वतः घेणार आहे. “तुला एखादी गोष्ट माहीत नसली तर तसं म्हणायचं,” तिने फोनवर बजावलंय. जुने लेखही मी दुरुस्त केलेत.

काल एका वाचकाने विचारलं, सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्यात, पॅरिसला नेऊ का? इटलीचा नियम मी वाचला होता, पण पॅरिससाठीही तोच आहे का ते मला ठाऊक नव्हतं. उत्तर ठोकून द्यायला बोटं शिवशिवत होती. मी लिहिलं, “मला नक्की माहीत नाही, तुम्ही दूतावासाच्या वेबसाइटवर बघा,” आणि त्याचा स्क्रीनशॉट आत्याला पाठवला.

तिचं उत्तर आलं: “बी प्लस.”