गाऱ्हाण्यातलं आमेन

“लिम्फोमा आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीरातल्या लसिकाग्रंथींचा कॅन्सर. परळच्या त्या हॉस्पिटलात शेजारी दादा बसला होता, माझा थोरला भाऊ. त्याने माझा हात घट्ट धरला. मला त्या क्षणी येशूचं नाव घ्यायचं होतं आणि दादासमोर ते घेता येत नव्हतं. मी “अरे देवा” म्हटलं. त्यात कुणाचाही देव बसतो.

मानेवरची गाठ मी दोन महिने अंगावर काढली होती. तुम्ही काढू नका.

मी लग्न केलं नाही. लालबागच्या चाळीत दादा-वहिनीकडेच राहिले आणि दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. तिथल्या मार्थाबाईंबरोबर सहा वर्षं मी रविवारी भायखळ्याला प्रार्थनेला जात होते. गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. घरी सांगायचे, भजनाच्या क्लासला जाते. अगदीच खोटं नव्हतं ते. चाळीतल्या एका मुलीने धर्म बदलला तेव्हा दादा सगळ्यांदेखत म्हणाला होता, आमच्यात कुणी असं केलं तर त्याच्या नावाने आंघोळ करीन. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं.

केमो सुरू झाली. केस गेले, चव गेली. दादा मला धरून तीन जिने चढवायचा आणि वहिनी पेज भरवायची. त्यांचं प्रेम खरं होतं, म्हणून तर माझी जास्त फाटत होती.

दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी ताप चढला. याला ‘फेब्राइल न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. केमोने पांढऱ्या पेशी फार कमी होतात आणि त्यातच ताप आला तर जिवावर बेतू शकतं. टॅक्सी येईपर्यंत दादाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्हा मालवणी माणसांत घरातला मोठा देवाकडे मागणं मागतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं असतं.

“माझ्या भयणीची ईडापिडा टाळ रे महाराजा.” दादाचा आवाज चिरकला. वहिनी आणि जमलेले शेजारी म्हणाले, होय महाराजा. त्यांच्या मागून मी म्हणाले, “आमेन.”

निव्वळ सवयीने. प्रार्थना संपली की काहीतरी म्हणायचं, एवढंच तापलेल्या डोक्यात उरलं होतं. तेवढ्यात टॅक्सी आली.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मास्क लावून दादा आत आला. स्टूल ओढून बसला.

“तापात बोललंस ना गो?” तो म्हणाला. “मी सगळ्यांका तसाच सांगतंय.”

बिचाऱ्याने माझ्यासाठी सुटकेचं दार उघडून ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. घर, पेज, त्याचा हात, सगळं राहिलं असतं. मी इतकी घाबरले की उशाजवळचा मॉनिटर वाजला आणि नर्सने येऊन नाडी बघितली. ती गेल्यावर मी म्हणाले, “नाही दादा. मी येशूला मानते. बाप्तिस्मा घेतलाय.”

त्याने औषधांची चिठ्ठी घडी घालून माझ्या उशाशी ठेवली आणि तो गेला. डिस्चार्जच्या दिवशी माझे सगळे कपडे एका बॅगेत आले. हिवाळ्याचे स्वेटरसुद्धा.

आता मी भायखळ्याला मार्थाबाईंच्या खोलीत राहते. चौथ्या केमोनंतर पेट स्कॅन झाला. यात शरीरात कॅन्सर कुठे कुठे जिवंत आहे ते दिसतं. माझा बऱ्याच ठिकाणी आहे. “हवा तेवढा उतार नाही,” डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी जवळच्या नातेवाइकांना आणायला सांगितलं. मी मार्थाबाईंना घेऊन गेले.

तुमच्यावरही अशी वेळ आली तर खरं बोलल्यावर हलकं वाटेल, या भ्रमात राहू नका. मला वाटलं नाही. खरं बोलल्याने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत आणि भाऊही परत येत नाही. पुष्कळदा सकाळी उठावंसंच वाटत नाही. तरी ‘तापात बोलले’ म्हणून जगले असते तर ते जगणं माझं नसतं, एवढं कळतं.

त्या घरात सहा वर्षं मी बाथरूमचा नळ सोडून दादासाठी प्रार्थना करायचे. आता त्याचं नाव घेऊन मोठ्याने करता येते, त्याबद्दल देवाचे आभार मानते. ऐकायला दादा मात्र नाही.