बावखलात बुडवलेली पिशवी

माझ्या सायकलीवरून आमच्या घरात एक करार झाला होता, तोही नवऱ्याने माझ्याकडून वदवून घेतलेला. पहिल्या मुक्कामाला अंथरूण-पांघरूण ओलं निघालं, तर तिथूनच माघारी. आणि त्यानंतर तंबू नाही, सहल नाही, काही नाही. मी हो म्हटलं. आदल्या पावसाळ्यात सायकलसहलीत बोर्डीला ओल्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपले होते, आणि छाती भरून आठवडाभर दवाखान्यात पडले होते. सलाईन लावलेल्या बाईला वाद घालता येत नाही.

पण बरी झाल्यावर माझं डोकं पुन्हा फिरलं. पन्नाशी उलटल्यावर घेतलेली सायकल ती. नोकरी झाली, मुलीचं लग्न झालं, वाडीचं तर कधी संपतच नाही. या सगळ्यातून माझं, अगदी माझं एकटीचं असं जे काही उरलं होतं, ते त्या दोन चाकांवर होतं. ते काय कॅरियरला लटकवायच्या दोन ओल्या पिशव्यांपायी सोडून द्यायचं? हट्!

तुळिंजच्या बाजारात सायकलीच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाने माझ्यापुढे पिशव्यांचा ढीग घातला. "आंटी, ये ले लो. फुल वॉटरप्रूफ. ऊपर से रेन कव्हर फ्री."

"वॉटरप्रूफ आहे ना? मग तिला कव्हर कशाला?"

तो हसला. मी हसले नाही. ज्या पिशवीला स्वतःलाच रेनकोट लागतो, ती माझं अंथरूण काय कोरडं ठेवणार, कप्पाळ? मी माझी पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यादेखत पिशवीवर ओतली. वरून पाणी घरंगळून गेलं खरं, पण शिवणीपाशी थांबलं आणि दोऱ्याच्या भोकांतून हळूहळू आत शिरलं. चेनमधून तर सरळ ओघळ. "आंटी, इतना कौन चेक करता है!" तो म्हणाला. मी करते, बाबा. मला करायलाच हवं.

शेवटी त्याने माळ्यावरून एक जोडी काढली. ताडपत्रीसारखं जाड कापड, कुठे शिवण नाही, सगळे जोड तापवून चिकटवलेले. चेनही नाही. तोंड नुसतं गुंडाळत न्यायचं आणि दोन्ही बाजूंनी बक्कल लावायचं. मी ती दुकानातल्याच एका सायकलच्या कॅरियरला अडकवली आणि अशी हिसडली की सायकल हलली, हूक नाही हलला. आमच्याकडचे खड्डे खाऊन टिकायची असेल, तर एवढं तरी सोसायला हवं. घेतली.

पापडीला आमच्या वाडीच्या मागे बावखल आहे, झाडांना पाणी द्यायचं जुनं तळं. दुकानातल्या बाटलीभर पाण्यावर मी थोडीच भरवसा ठेवणार? एका पिशवीत वर्तमानपत्रं भरली, तोंड बंद केलं आणि दिली बावखलात ढकलून. वर पाय ठेवून दाबून धरली. नवरा चहाचा कप घेऊन काठावर उभा. बाहेर काढून उघडली, तर वर्तमानपत्रांचा लगदा!

तो "चहा घेतेस?" एवढंच म्हणाला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला तर सगळं संपलं असंच वाटलं.

मग मला राग आला. दुकानदाराचा, पिशवीचा, त्या चहाचासुद्धा. आतून बाहेरून एकेक जोड बोटाने चाचपून पाहिला. कुठे टाचणीएवढं भोक नाही. चरफडत पुन्हा तोंड गुंडाळायला घेतलं आणि माझाच हात मला दिसला. एक घडी घालून, बोटभर फट ठेवून तो मोकळा झाला होता.

अगं बाई! लहानपणापासून मी बाजाराचा माल बांधत आलेय. फुलं असोत, पानं असोत, भाजी असो. आमच्या वाडीत गाठोड्याचं तोंड कोणी गच्च आवळत नाही. आवळलं की आत माल तापतो आणि बाजारात पोचेपर्यंत कुजतो. वारा खेळायला फट ठेवायचीच. बोर्डीच्या वेळीही मी माझं अंथरूण मोगऱ्याच्या कळ्यांसारखं हवेशीर बांधलं असणार! मी काठावर बसून खो खो हसत सुटले. नवऱ्याला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

या वेळी गुडघ्याने दाबून आतली हवा काढली. एक घडी, दुसरी, तिसरी, घट्ट, मग बक्कल. पुन्हा बावखलात. पुन्हा वर पाय. उघडली, तर कागद कुरकुरीत. "घ्या," मी पेपर त्याच्या हातात कोंबला, "वाचता येतोय का बघा."

"तळ्याचं ठीक आहे," तो म्हणाला. "दिवसभराचा पाऊस वेगळा. करार तोच."

भाद्रपदात निघाले. वटारवरून विरार, तिथून रो-रो बोटीने खाडीपलीकडे आणि पुढे केळव्यापर्यंत. पावसाने एक क्षण उसंत दिली नाही. समोरून येणारे ट्रक अंगावर तळीच्या तळी उडवत होते. मी नखशिखान्त भिजले, बूट पचपचत होते, पण माझा जीव सगळा मागच्या कॅरियरवर. केळव्याला ओळखीच्यांच्या वाडीत तंबू लावला. बक्कल काढलं.

तिन्ही घड्या उलगडल्या. आत हात घातला. मग गालच लावला. कोरडं! कपाटातून आत्ता काढल्यासारखं कोरडं, ऊबदार. मी त्या तंबूत एकटी ओरडले. जिंकले होते मी!

लगेच व्हिडिओ कॉल लावला. "पिशवी उलटी करून दाखव," तो म्हणाला. दाखवली. "कोपरे दाखव." कोपरे दाखवले. मग त्याच्या हातातला फोन कलला आणि नुसतं त्याचं कपाळ दिसायला लागलं.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. आता याला काय सांगू? टेम्पोवाल्याला बोलावून ठेवलंय तुला आणायला. दुपारपासून ओट्यावर बसलाय."

"त्याला पोटभर जेवायला वाढा आणि घरी पाठवा," मी म्हटलं. "मी उद्या डहाणूला चाललेय."