वाकड्या सुया

चामड्याच्या सोफ्याची पाठ उसवली, म्हणून कारागीर हमीदभाई आले आणि त्यांनी फडक्यावर सुया मांडल्या. सगळ्या वाकड्या! कुणी चंद्रकोर, कुणी मांजरीचं नख. "एकही सरळ नाही?" मी विचारलं.

"सरळ सुई आत गेली, तर पलीकडून ओढायला हात कुठून घालू?" ते म्हणाले. "वाकडी बुडते आणि अलीकडेच वर येते."

सुसरही तेच करते, मी मनात म्हटलं.

त्यांनी जाड, तीनधारी सुई उचलली. मी शहाणपणा केला, "बारीक घ्या हो, भोकं दिसतील." त्यांनी ऐकलं. चौथ्या टाक्याला ती बारीक सुई आतच कट्कन मोडली. संध्याकाळी आठ महिन्यांची नात येणार होती आणि ती याच सोफ्यावर रांगते.

हमीदभाईंनी पाठीत भरलेला काथ्या उपसून तुकडा काढला, हातातल्या अर्ध्याला जुळवला. तिळाएवढं टोक गायब होतं. लोहचुंबकालाही ते सापडेना. शेवटी त्यांनी सगळा काथ्या बदलला, जाड सुईनं पाठ शिवली आणि शांतपणे म्हणाले, "आमच्यात रीत आहे साहेब. सुई ज्यानं निवडली, त्यानं आधी बसायचं."

नुसतं बसून कसं भागेल? मी गुडघे टेकून सोफाभर रांगलो, तळहात दाबत, गाल घासत.

"अहो, वय काय तुमचं!" बायको दारातून ओरडली.

काहीच टोचलं नाही. पण भीतीही वाकड्या सुईसारखीच. बुडाली म्हणावं, तर शेजारीच वर येते. संध्याकाळी नात सोफ्याकडे झेपावली, आणि मी तिला कडेवरून खाली सोडलंच नाही.