क्रूसाच्या पायथ्याचा चुना

"आधी हात लावून बघ." हे मिंगेलचं पालुपद. पपई पिकली का, नातीला ताप आहे का, भिंत ओली का, आधी हात, मग तोंड.

समुद्रापार, दूर दक्षिणेकडच्या देशात, केलीव्हिल नावाच्या वस्तीच्या पुढे एका जुन्या इंग्रजी चर्चच्या आवारात, तीन पायऱ्यांवर दगडी क्रूस उभा आहे. खरं तर नुसता खांब. वरचे हात इंग्लंडमधल्या मूळ गावीच, शेकडो वर्षांपूर्वी, धर्माच्या भांडणात तोडले गेले. तिथून आलेल्या लोकांनी उरलेला खांब जहाजातून सोबत इकडे आणला. वसईहून इथं येऊन राहिलेला गवंडी मिंगेल त्या खांबाच्या प्रेमातच पडला होता. सहा वर्षांपूर्वी पायथ्याचा सांधा उघडा दिसला, तेव्हा त्यानं तो हौसेनं सिमेंटनं भरला. वसईच्या वाडीत मे महिन्याच्या प्रार्थनेआधी क्रूस असाच डागडुजी करून ठेवतात.

नोव्हेंबरात चर्चनं दगड तपासायला सलिलला बोलावलं. मूळचा पुण्याचा, इथला इंजिनियर, तरुण. मिंगेल आणि त्याची बायको इझाबेला चर्चच्या लोकांसोबत बाजूलाच उभे होते.

"हे सिमेंट कोणी भरलं?" सलिलनं विचारलं. "पाणी आत कोंडलंय, दगडाचा भुगा होतोय. खांब कुणाच्या अंगावर पडायचा. उतरवून गोदामात ठेवावा लागेल."

कुणालाच आठवेना. इझाबेलाला आठवत होतं. गप्प राहा रे बाबा, असं तिला वाटलं.

"मी भरलं," मिंगेल पुढे झाला. "माझ्या बापानं वसईच्या किल्ल्याचा चुना नखानं खरवडून दाखवला होता मला, चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो म्हणून. तरी मी घाई केली. आता मीच काढतो. मशीन लावणार नाही."

"काका, वय काय तुमचं?"

"खांबापेक्षा कमीच आहे," इझाबेला म्हणाली.

सलिल हसला. "मार्चपर्यंत. नाहीतर क्रेन येईल."

मिंगेलनं छिन्नीनं कणकण सिमेंट काढलं. वाळूत चुना कालवून सांधा भरला. ऊन लागून चुना तडकू नये म्हणून गोणपाट गुंडाळलं आणि रोज सकाळी टूनगॅबीच्या घरून दोन बस बदलून येऊन ते भिजवलं. इथे डिसेंबर-जानेवारीत भर उन्हाळा, पण चाळीस डिग्रीतही एक दिवस चुकला नाही. इझाबेला चिडायची, आणि डबा भरून द्यायची.

मार्चात सलिल आला. गोणपाट सोडवून हातोडीनं ठोकून पाहू लागला.

"आधी हात लावून बघ," मिंगेल म्हणाला.

सलिलनं सांध्याच्या वरच्या दगडावर तळवा टेकला. आतून ओल येत नव्हती, दगड कोरडा होता. "क्रेन नको," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटोसाठी हाक मारली.

मिंगेलनं मात्र आता गरज न उरलेलं ओलं गोणपाट पिळून खांद्यावर टाकलं, झारी उचलली आणि तो बसस्टॉपकडे चालू लागला. पाठीवर पाण्याचा ओघळ उतरत होता. इझाबेला खांबाला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.