शीतलच्या फोनवरून गेलेला मजकूर

आजवर मी जे काही लिहिलं ते चढ्या आवाजात लिहिलं. ही गोष्ट मात्र आवाज खाली करूनही कोणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, जिवलग मित्राजवळ नाही. आणि आता तुमच्याजवळ का? तुम्ही मला मध्येच थांबवून "जाऊ दे रे" म्हणणार नाही, म्हणून असेल.

थोडं घरापासून सांगावं लागेल. लाखांदूरला बाबांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर बाबांचा जीव. तलावातल्या मासेमारीचा हक्क गावच्या ढिवरांना मिळावा म्हणून पत्रक, दिघोरीची एसटी बंद करू नये म्हणून पत्रक. शाईचे हात पुसत बाबा मला शिकवायचे, "ठिकाण अन् वेळ नसल त ते पत्रक कायचं बे? लोकं येतीन कुठं?" म्हणून मजकूर कितीही पेटलेला असो, त्याखाली ठळक अक्षरांत ठिकाण आणि वेळ यायचीच. सगळ्यात शेवटी सही — आपले, समस्त गावकरी. एकट्याचं नाव कधीच नाही. ते मला फार थोर वाटायचं. थोर आहेच. पण "समस्त" या शब्दाच्या आड एक माणूस किती आरामात लपू शकतो, हे मला पुढे कळलं.

मी डॉक्टरी शिकायला युक्रेनला गेलो आणि तिथे युद्ध सुरू झालं. वसतिगृहाच्या तळघरात आम्ही भारतीय पोरं-पोरी दाटीवाटीनं राहू लागलो. माझ्याच वर्गात आमच्याच जिल्ह्यातल्या वरठीची शीतल होती. तिचे वडील स्टीलच्या कारखान्यात, रोज सायकलनं कामावर जाणारे. तळघराचा कारभार तिच्याकडे द्यावा असं कोणी ठरवलं नव्हतं. तिनं तो करायला घेतला, इतकंच. आज मी जिवंत आहे याचं कारण विचाराल, तर मला तिचीच बोलणी आठवतात.

"पासपोर्ट बॅगेत कायले ठेवला? बॅग हातातून सुटते, अंगावरचं सुटत नाही. कपड्याच्या आत बांध."

मी भाषण करू लागलो की म्हणायची, "पुढारी, जिंदाबाद मंग म्हणजो, आधी ओले मोजे बदल."

चौकीचा, सैनिकांचा, रस्त्याचा फोटो काढायचा नाही. फोनचं लोकेशन बंद. साखर आणि पाणी प्रत्येकाच्या खिशात. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खिडकीपाशी जायचं नाही, कितीही वाटलं तरी. आणि सगळ्यात कडक नियम — निघायचं ठिकाण आणि वेळ फोनवर कोणालाही सांगायची नाही, घरीसुद्धा नाही. सीमेपर्यंत नेणारी एक बस तिनं कशीबशी ठरवली होती. ड्रायव्हरनं स्पष्ट सांगितलं होतं की उघड्यावर गर्दी दिसली तर तो थांबणार नाही. गर्दी म्हणजेच धोका.

मला तो नियम पटला नव्हता. आपण गुपचूप निघायचं आणि बाकीच्या वसतिगृहांतल्या पोरांनी मागे राहायचं? हे कसलं तत्त्व? मी तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, "त्यांचीही बस ठरवून राहिली मी. एकावेळी एकच होते, बाबू." मी वाद सोडला — पण पटून नव्हे.

त्या संध्याकाळी माझा फोन बंद पडला होता. शीतल आपला फोन आळीपाळीनं सगळ्यांना देत होती, घरी दोन शब्द बोलायला. माझी पाळी आली. आईशी बोललो. मग फोन परत द्यायचा सोडून एका कोपऱ्यात गेलो...

इथे येऊन मी नेहमीच थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही थांबतो.

मी आवाहन लिहिलं. जगानं पाहावं, वर्तमानपत्रांनी धावून यावं, असं पेटतं आवाहन. आणि त्याखाली, हाताला लागलेल्या सवयीनं, ठिकाण लिहिलं. वेळ लिहिली. शेवटी — आपले, समस्त विद्यार्थी. बाबांच्या चळवळीतल्या एका कार्यकर्त्याच्या पाठ असलेल्या नंबरवर, सगळ्या गटांवर टाका म्हणून, ते पाठवलं आणि शीतलच्या फोनमधून पुसून टाकलं. तुम्ही म्हणाल, सवय होती, भाबडेपणा होता. मग पुसलं कशाला? चूक आहे हे ठाऊक नसलेला माणूस पुसत नाही.

सकाळी आम्ही ठरलेल्या शाळेमागे पोचलो तर तिथे माणसंच माणसं. कुठून कुठून आलेली, बॅगा घेतलेली, लहान मुलं काखेत घेतलेली. बस वळणावर दिसली. हळू झाली. आणि न थांबता निघून गेली. माझं आवाहन रातोरात गटागटांतून, तोंडोतोंडी इथवर फिरून आलं होतं; त्या सगळ्यांना उघड्या बर्फात मी बोलावलं होतं. भोंगा वाजला तेव्हा जो तो जिकडे वाट दिसेल तिकडे पळाला. त्या वेळी काही कोसळलं नाही, कोणी मेलं नाही. यात माझं काहीच कर्तृत्व नाही. त्या नशिबाचे मी आजही मनोमन आभार मानतो.

आम्ही पुन्हा तळघरात. पाणी संपलं, बर्फ वितळवून प्यायलो. वसतिगृहाची म्हातारी राखणदारीण आपल्या घरचे उकडलेले बटाटे आणून आमच्या ओंजळीत घालत होती. तशात माझ्या आवाहनाचा फोटो फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. वर नंबर शीतलचा.

सगळे तिच्यावर तुटून पडले. "मोठी नियम शिकवणारी!" कोणीतरी ओरडलं. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. कितीतरी हातांतून तो फोन फिरला होता, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "फोन माहा, चूक माही. कोणाच्या हातून गेलं ते मले विचारायचं नाही. एकमेकांवर बोटं दाखवत बसलो त बॉर्डर दिसणार नाही."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. एका वाक्याचं काम होतं. आयुष्यभर अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं नाही. उलट पोरांनी तिच्याकडचा कारभार काढून मला दिला — मला बोलता येतं म्हणून! — आणि मी तो घेतला. दुसरी बसही तिनंच मिळवली. तिरंगा घेऊन पुढे बसलो मी. मागच्या सीटवर ओकाऱ्या काढणाऱ्या पोरींची डोकी धरून ती बसली होती. सीमेवर लांबच लांब रांगेत तिनं आपले कोरडे मोजे मला दिले. मी ते घातले.

तुम्हाला वाटत असेल, झाला हा गुन्हा सांगून. नाही. याहून वाईट पुढे आहे.

परतल्यावर माझे सत्कार झाले, शाल-श्रीफळ झालं. "युद्धाच्या देशात सुरक्षित प्रवास कसा करावा" यावर मी गावोगावी बोलू लागलो. नियम सगळे तिचे, टाळ्या माझ्या. वरठीच्या सभेत एकानं विचारलं, "ती बस कोणामुळं हुकली, भाऊ?" आणि मी उत्तर दिलं, "एका मैत्रिणीच्या निष्काळजीपणामुळे. पण तिला दोष देऊ नका." मोठं मन दाखवत दिलं. आता मी गप्प राहणारा उरलो नव्हतो. मी खोटं बोललो होतो, तिच्याच गावात.

सभा संपल्यावर शेवटच्या रांगेतून एक माणूस आला. कारखान्याचा कळकट शर्ट, पँटीच्या एका पायाला सायकलचा चाप तसाच. शीतलचे वडील. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "माही पोरगी चुकली जी," ते म्हणाले, "पण तुम्ही सांभाळून घेतलं. तुमच्यामुळंच ते घरी आली." आणि माझ्या वयाच्या दुप्पट वयाचा तो माणूस माझ्यापुढे वाकला. मी त्यांना वाकू दिलं.

शीतल आता एका छोट्या दवाखान्यात काम करते. आमच्या बॅचची पोरं अजून तिला "ब्रेकिंग न्यूज" म्हणतात. ती हसते. मला दर वाढदिवसाला फोन करते आणि पासपोर्ट कुठे ठेवलाय असं चिडवते. आज मी श्वास घेतो, आईच्या हातचा भात खातो, हे लिहितो, ते तिनं मला जिवंत आणलं म्हणून. हे ऋण मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरीही मी तिचं नाव मातीत लोळू दिलं.

तो मजकूर मी लिहिला. मी पाठवला. मी पुसला. शीतलनं नाही. इथे "समस्त" कोणी नाही, मी एकटा आहे.

हे छापून येईल तेव्हा अंक घेऊन मी वरठीला जाणार आहे. तिच्या वडिलांच्या हातात तो मीच देईन. ते चष्मा शोधतील, मला खुर्ची पुढे करतील. मी बसणार नाही. ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत त्यांच्यासमोर उभा राहीन.