लाकडी काडी, बारीक ब्रश

तपासणीच्या खोलीत सिस्टरचा हात इतका हलका, की पडद्याआडची बाई विचारायची, "झालं?" आणि सिस्टर म्हणायची, "कधीच. उठा आता." बावीस वर्षं ती लाकडी काडीनं गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींचा नमुना घेत आली होती. नमुना काचेवर पसरायचा, काचेच्या कडेला पेन्सिलीनं नाव लिहायचं, मग काच स्पिरिटात बुडवायची. आपल्या वळणदार अक्षराचा तिला भारी अभिमान.

यंदा डॉक्टरीणबाईंनी बारीक ब्रश मागवले. "शंभर बायकांचा नमुना काडीनं, शंभर जणींचा ब्रशनं. कशानं जास्त कळतं ते बघू."

सिस्टरच्या थोरल्या नणंदेला अधूनमधून अंगावरून रक्त जायचं. सिस्टरनं तिला हाताला धरून आणलं. काडीच्या नमुन्यावर शेरा आला, पेशी नीट दिसत नाहीत. ब्रशच्याही नमुन्यावर तोच.

"दोनदा लाज गुंडाळून ठेवली, वहिनी!" नणंद कडाडली. "आता तुझी काडी नको नि तुझा तो बाटल्या धुवायचा ब्रशही नको."

 आत काही वाढत असलं तर? सिस्टर तडक लॅबमध्ये गेली.

"ब्रश आतलं आणतो, काडी बाहेरचं. दोन्ही कामाचे," लॅबवाला म्हणाला. "पण तुमच्या काही काचा वाळून येतात. पसरल्यावर स्पिरिटात बुडवायला किती वेळ लावता?"

"नाव लिहिण्यापुरता."

त्यानं नणंदेची काच पुढे केली. परक्या बायकांची नावं सिस्टर आटोपशीर लिही. घरच्या माणसाचं मात्र नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं नक्षी काढल्यासारखं. तेवढ्यात पेशी वाळून गेल्या होत्या.

तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वाळलेल्या काचा तुलनेतून बाद झाल्या, नाव आधी लिहायचं ठरलं. मग ती नणंदेच्या दारात उभी राहिली.

"वन्सं, चूक काडीची नव्हती, ब्रशचीही नव्हती. माझी होती."

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"माझी चूक झाली."

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून हे ऐकायला कान आसुसले होते. थांब, चप्पल घालते."

या खेपेला काडी आणि ब्रश दोन्ही वापरले. पेशी लख्ख दिसल्या. बदल होता, पण अगदी सुरुवातीचा. लहानशा उपचारानं बरं होईल, असं डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं.

 नणंद सिस्टरचा हात घट्ट धरून म्हणाली, "तारीख लवकरची घे गं. घरात माझी कामं खोळंबलीत."