नकाशातला हिरवा रंग

"हिरवा काढून टाका. नाहीतर तुमची स्लेड उचला आणि जा," एलिसापी म्हणाली.

उत्तर ध्रुवाजवळच्या नुनावुतमधल्या एका खेड्याचा कम्युनिटी हॉल. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एलिसापी तिथल्या शिकाऱ्यांच्या कमिटीची अध्यक्ष. मी आणि माझा बॉस ग्रेग, दूर दक्षिणेतल्या बर्नाबी शहराच्या ऑफिसातून समुद्रबर्फाचा नकाशा लाँच करायला गेलो होतो. समुद्र गोठला की तोच इथला रस्ता. पण हल्ली हवा तापलीय, बर्फ उशिरा धरतो, खालून प्रवाह तो खातो. म्हणून शिकाऱ्यांनी स्किडूला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, आमची सेन्सरवाली घसरगाडी, म्हणजे ती स्लेड, बांधून ओढायची. सेन्सर जाडी मोजणार, माझं सॉफ्टवेअर रंग भरणार. हिरवा म्हणजे बिनधास्त जा.

अख्खा विंटर त्यात घातला होता. माझं डोकंच सणकलं. "अहो, आकडे तुमच्याच लोकांनी आणलेत!"

"आकडे नकाशावर राहू दे. पण आमच्यात 'बर्फ चांगलाय, जा' असं कुणी कुणाला सांगत नाही. मी काल गेले, हे पाहिलं, एवढंच सांगायचं. चांगला म्हटलं की माणूस खाली बघायचं सोडतो." तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, जोआनासीच्या, खांद्यावर हात ठेवला. "हिरवा बघून हा जाणार आहे. तू नाही."

ग्रेग माझ्या कानाशी लागला. "ग्रीन नाही तर प्रॉडक्ट काय राहिलं? स्पॉन्सरला काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी जोआनासीने आम्हाला त्याच हिरव्या वाटेवर नेलं. मधे मधे थांबायचा, उतरायचा, लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ ठोकायचा, मग पुढे. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. बर्फ कुठेच कच्चा निघाला नाही. ग्रेग खूश. "बघा, मॅप बरोबर होता!"

"हो," जोआनासी म्हणाला. "आज बरोबर होता." आणि पुन्हा ठोकायला लागला.

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. माझ्या रंगावर विसंबून याने एक दिवस ठोकायचं सोडलं तर? परतीच्या विमानात मी ग्रेगशी कडाकडा भांडले. नागपूरचं तोंड, गप्प थोडंच बसतंय! "जा म्हणणारे आपण कोण? आपण तर बर्नाबीत कॉफी पीत बसणार." तो फणकारला, पण शेवटी कबूल झाला. नकाशावर उरलं एवढंच: कुठे किती जाडी, कुणी मोजली, कधी. कमिटीने स्लेड ठेवून घेतली. स्पॉन्सर कुरकुरला, पण टिकला.

पुढच्या स्प्रिंगमध्ये तिथे नव्यानेच गेलेल्या एका शिक्षकाचा, नकाशावरचा आमचा नंबर बघून, फोन आला. बायकोला घेऊन फिशिंगला निघाला होता. "जाऊ की नको? एका शब्दात सांगा."

समोर सॅटेलाइटचा फोटो होता, पांढराशुभ्र. 'जा' अगदी जिभेवर आलं होतं.

"परवाची जाडी नकाशावर आहे. आजचा बर्फ मी पाहिलेला नाही. तिथे कुणी जाऊन आलंय का, विचारा."

"मग तुमचा नकाशा काय चुलीत घालायचा?" एक शिवी हासडून त्याने फोन आपटला.

तो त्या दिवशी गेला नाही, हे नंतर कळलं. बर्फही फुटला नाही. म्हणजे मी त्याचा रविवार फुकट घालवला. असो. आमच्या धंद्यात शिव्या देणारं गिऱ्हाईक जिवंत असतं, आणि मला तेवढं पुरतं.